चाळीस पावलांचं नेट

सगुणाच्या फोनचं रिचार्ज संपलं की आम्ही भरत नव्हतो. ती माझ्या फोनच्या हॉटस्पॉटवर चालवायची. शेतात दोघं एकाच दिशेनं चाललो की नेट टिकायचं. ती विहिरीकडं आणि मी बांधाकडं निघालो की चाळीस पावलांत तुटायचं. मग ती जागेवर उभी राहून म्हणायची, "या की इकडं, लई पळायलात."

त्या सकाळी तिच्या छातीत दुखायला लागलं. रेणापूरहून लातूरला न्यायला अँब्युलन्स आली. माझ्या भावानं, दयानंदनं, तनुजाला कळवलं. तनुजा आमची मुलगी. तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं आणि नांदेडला राहिली. दीड वर्ष आम्ही दोघं तिच्याशी बोललो नव्हतो. सगुणाला गाडीत घेतानाच तिच्या फोनवर तनुजाचा व्हिडिओ कॉल आला. सगुणानं उचलला. दार लागलं.

लातुरात औषधासाठी पळावं लागेल म्हणून मी मोटारसायकल घेतली होती. हॉटस्पॉटचा फोन माझ्याच खिशात राहिला. गाडी निघाल्यावर ध्यानात आलं. थांबवावं तर तेवढा उशीर. म्हणून मी अगदी मागं चिकटून चालवली. दोघांचा वेग सारखा होता तोवर ती बोलताना काचेतून दिसत होती.

पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या आल्या. अँब्युलन्स भोंगा वाजवत निघून गेली. मी अडकलो.

दवाखान्यात पोचलो तेव्हा सगुणा गेली होती.

तिसऱ्या दिवशी राख सावडून घरी आलो तर तनुजा ओट्यावर बसलेली. पाव्हणे आत गेल्यावर म्हणाली, "मी आईला विचारलं, येऊ का. तिनं फोन कापला."

"कापला न्हाई. नेट माझं होतं. मी मागं पडलो."

मग आई काय म्हणाली, असं तिनं विचारलं. गाडीतल्या नर्सबाईला मी ते विचारलं होतं. कॉल तुटल्यावर सगुणा नुसतं हॅलो हॅलो करत होती. तेच सांगितलं.



"तुमच्या फोनला तर नेट होतं, आप्पा. तुम्ही म्हणायचं ये म्हणून. माझा नंबर हाय ना?"

नंबर होता. ट्रॉल्यांच्या मागं फोन हातातही घेतला होता. पण आधी आईनं बोलवावं, मग बापानं बोलावं, असं मी मनाशी धरून बसलो होतो. ते तिला सांगितलं.

तिनं चहा घेतला नाही. दुपारच्या गाडीनं नांदेडला गेली.