फ्लेक्सवर चढलेली सुगंधाबाई

मी एक जुना फोटो आहे. आता मी जे सांगणार, ते तुम्हाला खरं वाटणार नाही. न वाटो! माझ्यासारखा फोटो साऱ्या मराठवाड्यात दुसरा झाला नाही.

दुष्काळाच्या साली पाचोडला टँकरच्या रांगेत रत्नमालानं मला मोबाइलवर काढलं. माझ्यात तिची सासू सुगंधाबाई रिकामी घागर घेऊन उभी आहे. सासूला विचारूनच तिनं मला नेटवर टाकलं. लोकांनी वाहवा केली. मी लई फुगलो.

पुढं शहरात बायपासला नव्या इमारती उठल्या. जाहिरातवाल्या विश्वजीतनं मला परस्पर नेटवरून उचललं, माझ्या घागरीत पाणी भरलं आणि चौकात फ्लेक्सवर चढवलं: 'इथं बारमाही पाणी!' मित्रांनो, म्हातारीचा एवढा मोठा चेहरा फ्लेक्सवर दिसला की आपल्याकडं खालची अक्षरं कोण वाचतं? थेट श्रद्धांजलीच समजतात.

पाहुणे टेम्पो भरून रडत पाचोडला आले. सुगंधाबाई दारात शेळीची धार काढत होती.

"कोण गेलं गं?" तिनं विचारलं.

पाहुण्यांनी डोळे पुसत चौकातल्या फ्लेक्सचं सांगितलं. पण रडून झालेलं रडणं परत घेता येत नाही. त्या दिवसापासून शेळ्या तिला हुंगून मागं सरू लागल्या. तिनं हाक मारली की तिच्या पलीकडं, मोकळ्या माळाकडं बघत राहायच्या. आणि तिकडं चौकात, झाडाचं पान हलत नसताना, फ्लेक्सवरच्या घागरीतलं पाणी हिंदकळायचं.

"माझी जित्राबं मला वळखंनात," म्हणत सुगंधाबाई सुनेला घेऊन विश्वजीतच्या दुकानात गेली.

"आजी, फोटो नेटवर होता. नेटवरचं सगळ्यांचंच असतं," तो म्हणाला.

"माझ्या शेळ्या माळावर उघड्यावर चरत्यात. दिसली की न्यायची व्हय रं?"

"फोटो मी काढलाय, तोंड आत्याबाईंचं हाय," रत्नमाला म्हणाली. "दोघींना इचारायचं हुतं."

विश्वजीत उठून चौकात गेला. त्यानं फ्लेक्स उतरवला.

तेव्हा मित्रांनो, नेटवरचं काही उचलण्याआधी ज्यानं काढलं त्याला आणि ज्याचं काढलं त्यालाही विचारा. नाही म्हणाले तर हात लावू नका. त्या संध्याकाळी माझी जगातली एकूण एक प्रत पुसली गेली, शेळ्या सुगंधाबाईच्या अंगाला बिलगल्या, आणि तिच्या घरातल्या ह्या भिंतीवर आता मी एकटाच...

"खोटं! लबाड फोटो!" शेजारची सुकेशनी मोबाइल पुढं करत ओरडली. "हे बघा, आत्ता आलंय. आजी, ह्यात तर हाच फोटो हाय, अन् तुम्ही बोलायलात! गुडघ्याचं तेल इकायलात!"

सुगंधाबाईनं पडद्यावर हलणाऱ्या आपल्याच ओठांकडं पाहिलं.

"ह्यो आवाज माझा नाय," ती म्हणाली.

बाहेर बांधलेल्या शेळ्यांनी मात्र त्या आवाजाला ओ दिली.