फुटाला एक सूत

आमच्या घरात अंतराळयानं यायची ती दादाच्या जेवणाच्या डब्यातून. डबा रिकामा झाला की कारखान्याच्या टाकाऊ ढिगातला एखादा बिघडलेला नग तो त्यात घालायचा आणि संध्याकाळी माझ्यासमोर टेबलावर उपडा करायचा. कधी नळाचं बोडकं तोंड, कधी पंपाचा पंखा, कधी शिवणयंत्राच्या पायाचा तुकडा. "घे ठिपके, आजचं विमान," म्हणायचा. लहानपणी मी भिंतभर चांदण्यांचे ठिपके काढून ठेवले होते, तेव्हापासून मी त्याची ठिपकी. आता छपन्न वर्षांची झाले, केस पिकले, तरी ठिपकी ती ठिपकीच.

दादा ओतकामाच्या कारखान्यात लाकडी साचे करायचा. आधी लाकडाची हुबेहूब वस्तू घडवायची, ती ओल्या वाळूत दाबून अलगद काढून घ्यायची आणि मागे राहिलेल्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओतायचं. लोखंड जगभर फिरतं. लाकूड तिथेच फळीवर धूळ खात राहतं, आणि त्याचं त्याला काही वाटत नाही. दादाही तसाच.

मी मुलांच्या मासिकांसाठी यानं काढते. आजची खरीखुरी नव्हेत. जुन्या काळच्या माणसांना वाटायचं की उद्या अशी असतील, तशी. पोट फुगलेली, माशासारखे पर असलेली, गोल खिडक्यांची, रिव्हेटांच्या रांगा मिरवणारी. लोक विचारतात, तुम्हाला सुचतं कुठून? सुचत नाही हो. वस्तू उपडी ठेवायची, डोळे बारीक करायचे आणि ती काय आहे याचा विसर पडेपर्यंत तिला फिरवत राहायचं. नळाचं नळपण गेलं की तो उडायला लागतो.

चित्र झालं की दादापुढे धरायचं. चष्मा कपाळावर चढवून तो कागद नाकाशी न्यायचा आणि म्हणायचा, "उडणार नाही." मग कारण. पर मागे हवेत. नाक जड झालंय. उतरताना कलंडेल. मी चिडायचे, पण दुरुस्ती करायचे, आणि दर वेळी चित्र सुधारायचं. इतक्या वर्षांत 'उडेल' म्हणून एकदाही त्याच्या तोंडून निघालं नाही. मोठमोठ्यांनी पाठ थोपटली असेल, पण त्या एका शब्दाची माझी भूक काही गेली नाही.

या वर्षी एका प्रकाशनाने माझ्या यानांचं पुस्तक करायला घेतलं. एकूण बारा चित्रं, फूटभर लांबीची. अकरा झाली आणि दादा अंथरुणाला खिळला. जन्मभराचा लाकडाचा भुसा आणि भट्टीचा धूर छातीत साचलेला. डॉक्टरांनी वहिनीला आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, आता महिने मोजू नका, आठवडे मोजा. त्या दिवसापासून माझं एकच मागणं होतं: बारावं यान त्याच्या डोळ्यांसमोर पुरं होऊ दे.

पण यान कशाचं करायचं? कारखाना बंद पडून पाच वर्षं झाली होती, आणि डब्यातून आलेला प्रत्येक नग मी उपडा, उताणा, आडवा करून संपवला होता. घरातली इस्त्री झाली, थर्मास झाला. कोरा कागद तसाच पडून होता.

त्यातच पुस्तकाचं काम बघणाऱ्या बाईंचा फोन आला. "रागावू नका, पण तुमचं एकही चित्र चौकटीत बसत नाही. अकराच्या अकरा जराशी बाहेर जातात. पूर्वी मासिकवाले कडा कापून टाकत असतील. तुम्ही पट्टी कुठली वापरता?"

पट्टी एकच. मी नऊ वर्षांची असताना दादाने दिलेली, पोलादी, फूटभर. दुसरी घ्यायची वेळच आली नव्हती. तिच्या कोपऱ्यात काही बारीक अक्षरं कोरलेली होती, ती माझ्याच बोटांनी केव्हाची झिजली होती. दुकानातून एक नवी पट्टी आणली आणि दोन्ही शेजारीशेजारी ठेवल्या. शून्याला शून्य लागलं. सहापाशी रेघा चुकायला लागल्या. बारापाशी दादाची पट्टी पूर्ण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, पुढे गेली होती.

मी दोन्ही पट्ट्या घेऊन तडक त्याच्याकडे गेले. दोन गल्ल्या ओलांडल्या की त्याचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी खाट, खाटेशी ऑक्सिजनचं यंत्र घुमत होतं. यंत्राला पाण्याची छोटी बाटली लावलेली. हवा तिच्यातून बुडबुडत नळीत जायची आणि नळीतून दादाच्या नाकात. पायजम्याची नाडी वहिनीने तिसऱ्यांदा आवळली होती, तरी तो सैलच.

"दादा, ही तुझी पट्टी खोटी आहे."

त्याने पट्टीकडे पाहिलं आणि हसला. हसण्याचा खोकला झाला, तो थांबेपर्यंत वहिनी पाठ चोळत राहिली.

"खोटी नाही," तो म्हणाला. "साच्याची आहे. लोखंड निवताना आकसतं. फुटाला एक सूत. म्हणून साचा मुळातच तेवढा मोठा करायचा. दर वेळी हिशेब कोण करत बसणार? पट्टीच मोठी करून ठेवतात."

"मग मला कशाला दिलीस?"

"तू रडत होतीस. शाळेतली तुझी पट्टी कोणीतरी मोडली होती. खिशात हीच होती." तो श्वासासाठी थांबला. "दुसऱ्या दिवशी बदलून आणणार होतो. पण येऊन बघतो तर तू हिने पहिलं यान काढून मोकळी."

"आणि कारखान्यात?"

वहिनीने उत्तर दिलं. "कारखान्यात सांगितलं, हरवली. नवी मिळेपर्यंत तीन महिने बोटांवर हिशेब करत साचे केले. लग्न झाल्या झाल्या मला पहिली गोष्ट सांगितली ती ही."

"सत्तेचाळीस वर्षं," मी म्हटलं. "एकदा तरी बोलायचं होतंस. लोकांनी माझ्या चित्रांच्या कडा कापल्या."

"सांगायचं राहून गेलं," दादा म्हणाला. मग छताकडे बघून, "मागून वाटलं, असू दे. निवताना सगळंच आकसतं, ठिपके. तुझं तरी जरा जास्तीचं असावं."

मनात आलं, आपल्याला घडवणाऱ्याकडेही अशीच पट्टी असणार. माणसं निवत जाणार, लहान लहान होत जाणार, हे त्याला मुळापासून ठाऊक. म्हणूनच त्याने माया मापापेक्षा थोडी जास्त ओतून ठेवली असेल. नाहीतर ती शेवटपर्यंत पुरली असती का?

"बारावं कशाचं करतेस?" दादाने विचारलं.

"कशाचंच नाही. सगळं संपलं."

"आंधळी आहेस काय?" त्याने हनुवटी यंत्राकडे वळवली. "ती बाटली बघ. उपडी कर मनातल्या मनात."

मी कधीच बघितली होती. पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यांनी ती बाटली उपडी केली होती: झाकणाच्या खाचा म्हणजे इंजिनाचे दात, नळीचं तोंड म्हणजे टोक, आणि बुडबुडे म्हणजे वर वर जाणाऱ्या गोल खिडक्या. आणि माझी मलाच लाज वाटली होती. भाऊ त्या पाण्यावर जगतोय आणि बहीण आकार शोधतेय.

"ते नाही काढणार मी."

"डबा बंद झाला म्हणून फुगून बसलीस," तो म्हणाला. "आता मला ढिगापर्यंत जाता येत नाही. हाताशी आहे ते देतोय. घ्यायचं तर घे, नाहीतर इस्त्री काढ परत."

"हिची इस्त्री मी बघितलीये," वहिनी म्हणाली. "ती इस्त्रीच दिसते."

तिघंही हसलो. त्या खोलीत आम्ही एकत्र हसलो ते तेवढंच.

दुपारी दादाला जरा बरं वाटायचं, तेव्हा मी खाटेशी स्टूल ओढून बसायचे. पहिल्या दिवशी घेर आखला. दुसऱ्या दिवशी खिडक्या. बुडबुडे कुठे एका जागी थांबतात, म्हणून त्या नुसत्या बघून लक्षात ठेवायच्या. तिसऱ्या दिवशी खाली तीन पाय जोडले आणि कागद त्याच्यासमोर धरला. चष्मा वहिनीने लावून दिला. त्याने फार वेळ बघितलं. बुडबुड्यांच्या आवाजात मी वाट बघत राहिले.

"उडणार नाही," तो म्हणाला. "पाय बारीक आहेत."

"किती वाढवू?"

त्याने दोन बोटं उचलली, त्यांच्यात थोडं अंतर धरलं. किती ते मला नीट दिसेपर्यंत हात खाली पडला. "उद्या," तो म्हणाला आणि डोळे मिटले.

उद्याची दुपार आली नाही. सकाळी वहिनीने निरोप पाठवला. मी पोचले तेव्हा यंत्र बंद होतं. बाटलीतलं पाणी अगदी स्थिर होतं आणि खोली इतकी शांत की माझी पावलं मलाच ऐकू आली.

पुढे बारा-तेरा दिवस कागदाला हात लागला नाही. बाईंचा फोन आला. हळू आवाजात म्हणाल्या की सावकाश करा, मापाचं बघू, सगळी चित्रं आम्ही संगणकावर एका झटक्यात लहान करून घेऊ. मी म्हटलं, "लहान नका करू. चौकट सूतभर वाढवा." त्या म्हणाल्या, "बरं, बघते."

त्याच संध्याकाळी वहिनी आली. पदराआड काहीतरी होतं. टेबलावर ठेवलं तेव्हा कळलं: ती बाटली, धुऊन, पुसून, कोरडी केलेली.

"यंत्र न्यायला माणूस आला होता," ती म्हणाली. "विचारत होता, बाटली कुठंय."

"मग?"

"सांगितलं, हरवली."

ती निघून गेल्यावर मी बाटली उपडी ठेवली, दिवा डावीकडे घेतला, दादाची पट्टी काढली. पाय किती जाड करायचे ते त्याच्या दोन बोटांना ठाऊक होतं, आणि त्यांना आता विचारता येणार नव्हतं. मी माझी दोन बोटं धरून बघितली, अंतर कमी वाटलं. थोडं वाढवलं. मग आणखी थोडं वाढवलं, आणि तेवढ्यावर रेघ ओढली.

चित्र पुरं झालं तेव्हा सवयीने दोन्ही हातांनी उचलून समोर धरलं. समोर रिकामी खुर्ची होती. मी बराच वेळ तसंच धरून उभी राहिले.