डबल बेल

म्हशीनं शेपटीचा फटका मारला, बादली कलंडली आणि सकाळचं निम्मं दूध किशनरावांच्या पायजम्यावर सांडलं. घरामागून तो आवाज पुन्हा आला. रेडा ओरडावा तसा, मध्येच फाटलेला आणि शेवटी उगाच उंच गेलेला. चार दिवस झाले, म्हैस पान्हा चोरत होती, आणि तिचं तरी काय चुकलं असं किशनरावांना वाटत होतं. ते ओल्या पायजम्यानिशीच घराला वळसा घालून मागं गेले.

न्हाणीच्या भिंतीकडे तोंड करून त्यांची नात उभी होती. सुकेशनी नववीत शिकत होती. बाप पाथरीला शिक्षक, पण पोरगी इथं राणीसावरगावात आजा-आजीपाशी वाढलेली, त्यामुळे हट्टाला कमी नव्हती. तिच्या हातात पितळेचा बिगुल चकाकत होता.

"काय वाजवायलीस गं?"

ती दचकून वळली. ओठ लालभडक झाले होते.

"बिगुल, आबा. शाळेतल्या एनसीसीचा हाय. योगीराजकाकाच्या मानवंदनेला औंदा मी वाजवणार हाय."

किशनराव बराच वेळ त्या पितळेकडे पाहत राहिले. म्हैस आणि दूध ते विसरूनच गेले.

"परत करून टाक," ते म्हणाले. "आपल्या घरात कुणी वाजवत न्हाई."

"आबा, हे वरातीचं न्हाई. सलामीचं हाय."

"वाजवणारा तो वाजवणाराच. लोकं नाचतेत, जेवतेत, अन् वाजवणारा भायेर बसतो. परत कर म्हणलं ना!"

या रागाला साठ-पासष्ट वर्षं झाली होती. किशनरावांचे वडील लिंबाजी हलगी वाजवायचे. गावात कुणाचंही लग्न असो, वरातीपुढं लिंबाजी, आणि कातडं ढिलं पडलं की हलगी शेकायला काटक्यांचा जाळ करून बसलेला सात वर्षांचा किशन. गावातल्या बड्या घरच्या अनंतरावांच्या थोरल्या भावाच्या लग्नात सकाळपासून वाजवून झाल्यावर बापलेकांना गोठ्यामागं बसवलं. पंगतीवर पंगती उठल्या, पत्रावळी गोळा झाल्या, तरी कुणी हाक मारली नाही. तेव्हा लिंबाजी उठले आणि ज्या जाळावर हलगी शेकत होते त्याच जाळात त्यांनी ती टाकली. धर्मांतराला तीन-चार वर्षं झाली होती. "आजपास्नं ह्या घरातलं कुणी कुणाच्या दारात वाजवणार न्हाई," एवढंच ते बोलले आणि पोराचं मनगट धरून घरी आले. जळत्या कातड्याचा तो वास किशनरावांना अजूनही कधीकधी येतो.

पुढे त्यांनी एसटीत कंडक्टरकी केली. बत्तीस वर्षं. वाजवली असेल तर ती फक्त गाडीतली घंटी, आणि तिचा मात्र त्यांना भारी तोरा. गाडीत साठ माणसं असोत, त्यांत तहसीलदार असो की फौजदार, किशनरावांनी दोरी दोनदा ओढून डबल बेल दिल्याशिवाय चाक हलायचं नाही. आणि गाठोडं घेऊन चढणारी म्हातारी नीट टेकल्याशिवाय ते दोरीला हात लावायचे नाहीत. गाडीला उशीर झाला म्हणून साहेबांची बोलणी त्यांनी किती वेळा खाल्ली याचे किस्से ऐकून घरातली पोरंसोरं कंटाळून गेली होती.

सुकेशनीच्या आजीनं, मालनबाईंनी, चुलीपुढूनच सगळं ऐकलं होतं.

"सासऱ्यानं हलगी जाळली ती इज्जतीसाठी," भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या. "पोरगी कशासाठी फुंकायलीय ते तरी इचारलंत का?"

किशनरावांनी विचारलं नाही. ते चप्पल घालून तडक शाळेकडं निघाले.

शाळेच्या पोरांना कवायत शिकवायला बजरंग हवालदार यायचे. लष्करातून निवृत्त झालेला माणूस, मिशांना पीळ, आवाज असा की पलीकडच्या शेतातली पाखरं उडावीत. किशनराव मैदानाच्या कडेला उभे राहिले आणि म्हणाले, "हवालदार, तो बिगुल दुसऱ्या कुणाला द्या."

"कुणाला देऊ?" हवालदारांनी हात पसरले. "चाळीस पोरांनी फुंकून बघितलं. कुणाचा आवाजच निघंना. गेल्या साली मोबाईलवर लावलं, ते तुमाला ठावंच हाय."

ते सगळ्या गावाला ठाऊक होतं. सैन्यातला योगीराज सीमेवर बर्फाचा कडा कोसळून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. दर फेब्रुवारीत शाळेपुढच्या त्याच्या स्मारकाशी मानवंदना होते. गेल्या वर्षी मोठ्या स्पीकरवर बिगुलाची धून लावली होती. ती अर्ध्यावर आली आणि ज्याच्या मोबाईलवरून लावली होती त्याला फोन आला. शहिदाच्या स्मारकापुढं, टोप्या काढून उभ्या असलेल्या गावापुढं, लग्नातलं धांगडधिंग्याचं गाणं वाजलं. योगीराजची आई सरजाबाई खुर्चीतून उठली आणि घरी निघून गेली. औंदा ती येणार नाही असंच सगळे धरून चालले होते.

"तुमच्या नातीनं तिसऱ्या दिवशी सूर काढला," हवालदार कौतुकानं म्हणाले. "काढणारच! तुमच्या घरात वाजवणं रक्तातच हाय की."

किशनरावांच्या कानशिलाची शीर तटतटली.

"रक्ताबिक्तात काई न्हाई, हवालदार," ते म्हणाले. "चार दिवसांपास्नं माझी म्हैस दूध देईना, इतकी फुंकायलीय पोरगी. पहाटं उठतीय. ओठ सुजलेत तिचे. त्याला मेहनत म्हणतेत."

हे बोलून झाल्यावर आपण इथं कशासाठी आलो होतो ते त्यांच्या लक्षात आलं. पण आता ते सांगायचं कसं? ते तसेच मागं फिरले. घरी येऊन मालनबाईंना म्हणाले, "वाजवायचं तर वाजवू द्या. मी बघाय जाणार न्हाई." आणि म्हैस दुसऱ्या टोकाच्या लिंबाखाली नेऊन बांधली.

मानवंदनेच्या दिवशी मालनबाई नवं लुगडं नेसून पुढं निघून गेल्या. घरात किशनराव एकटेच राहिले. त्यांनी अंगण झाडलं, झाडलेलं अंगण पुन्हा झाडलं, मग सायकलीची हवा बघायची म्हणून सायकल बाहेर काढली. हवा बघता बघता ते शाळेपर्यंत येऊन पोचले. फाटकाबाहेर, सगळ्यांच्या मागं, सायकल धरून उभे राहिले. कुणी पाहिलंच तर नेहमीसारखं गिरणीवर चाललो होतो म्हणायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

ज्वारीची काढणी अर्धी टाकून गाव आलं होतं. पुढच्या रांगेत सरपंच, फौजदार, आणि गावातले सगळ्यांत वडीलधारे म्हणून अनंतराव. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत सरजाबाई होती, वर्षभरात फार थकलेली. आली होती खरी, पण पदराचं टोक मुठीत घट्ट धरून, केव्हाही उठून जाईल अशी बसली होती. कडक खाकीतली पोरं-पोरी दोन ओळींत उभी होती. आणि त्या ओळींपासून वेगळी, स्मारकाच्या उजव्या हाताला, एकटी सुकेशनी.

फुलं वाहून झाली. हवालदारांनी छाती भरून हुकूम दिला.

"शोक शस्त्र!"

बंदुका उलट्या झाल्या, नळ्या जमिनीकडे गेल्या, माना खाली झुकल्या. सगळं गाव उभं राहिलं आणि किशनरावांना पुढच्या डोक्यांपलीकडचं फक्त सुकेशनीचं टोपीवालं डोकं आणि उचललेला बिगुल दिसू लागला.

पहिला सूर निघाला. तो कुठं फाटला नाही, कुठं थरथरला नाही. सरळ वर गेला, स्मारकावरून, शाळेच्या पत्र्यांवरून, पार काढलेल्या ज्वारीच्या रानापर्यंत. त्याच्यामागून दुसरा आला, मग तिसरा. त्या नळीला ना बटणं, ना भोकं. जे काय करायचं ते ओठांनी आणि छातीतल्या वाऱ्यानं. एका जागी सूर इतका लांबला की किशनरावांनीच श्वास रोखून धरला. भिंतीकडे तोंड करून रेड्यासारखं ओरडणारं ते पितळ हेच, यावर त्यांचा विश्वास बसेना. शेवटचा सूर हळूहळू विरला आणि मौन सुरू झालं.

हे मौन दोन मिनिटांचं. ते संपवायचं बिगुलानंच. जागं करणारी छोटी, चढी धून वाजली की माना वर. तोवर कुणी हलायचं नाही. हवालदारांनी सुकेशनीला मनात एकशेवीस आकडे मोजायला शिकवलं होतं; घरी भाकरी खातानाही ती ओठातल्या ओठात मोजत बसायची.

किशनरावांनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं. नोकरीची सवय. मग त्यांनी मान वर केली, आणि जे इतका वेळ डोळ्यांपुढं होतं ते त्यांना आता दिसलं. सरपंच हलत नव्हते. फौजदार हलत नव्हता. रस्त्यानं आलेली जीप थांबली होती आणि तिचा ड्रायव्हर खाली उतरून उभा होता. अनंतरावांचं टोपी काढलेलं डोकं खाली झुकलेलं होतं, दुखऱ्या गुडघ्यांवर तेही उभेच होते. लिंबाजीच्या पणतीनं अजून सांगितलं नव्हतं, म्हणून अख्खं गाव जिथल्या तिथं खोळंबलं होतं. किशनरावांच्या डोळ्यांना धार लागली आणि ती पुसायलाही त्यांनी हात हलवला नाही.

दोन मिनिटं झाली. बिगुल वाजला नाही.

सव्वादोन झाली. हवालदारांनी डोळ्याच्या कोपऱ्यातून सुकेशनीकडं पाहिलं. विसरली! आकडा चुकला पोरीचा! आता गाव हसणार, आणि गेल्या वर्षीच्या मोबाईलशेजारी हिचंही नाव घेणार. अडीच झाली. सुकेशनी मात्र ताठ उभी होती. तिची नजर खाली, पुढच्या रांगेत कुठंतरी लागली होती. तिथं काय आहे ते किशनरावांना दिसत नव्हतं. कुणी खोकलं नाही, कुणी हललं नाही.

मग तिनं बिगुल उचलला. छोटी, चढी धून लखलखत बाहेर आली, माना वर झाल्या, उलट्या बंदुका सुलट्या झाल्या, आणि "सलामी शस्त्र"चा हुकूम असा घुमला की हवालदारांचा स्वतःचाच आवाज चिरकला. कुणीतरी "योगीराज अमर रहे" म्हणून हाक दिली. गावानं ती अशी उचलली की लिंबावरचे पारवे भर्रकन उडाले.

पांगापांग झाली तसे अनंतराव काठी टेकत फाटकापाशी आले. किशनरावांना पाहून थांबले.

"तुमची नात ना, किशनराव?"

"व्हय. माझी."

"गुडघ्यांनी जीव घेतला. पण ती वाजवीना, तर हलायचं कसं?"

"न्हाई हलता येत," किशनराव शांतपणे म्हणाले.

अनंतरावांनी मान डोलावली, डोक्यावर टोपी ठेवली आणि ते गेले.

सुकेशनी बिगुल खांद्याला अडकवून पळत आली. आबांना बघून तिचे पाय अडखळले. मग सायकलीकडं आणि त्यांच्या ओल्या डोळ्यांकडं बघून ती हसली.

"गिरणीवर चालला होतात?"

"दोन मिनिटं अन् पन्नास सेकंद," किशनराव म्हणाले. "दोनचा नेम हाय. मोजाय चुकलीस?"

"एकशेवीसच मोजले, आबा. पण सगळे उभं राहिले तवा सरजाआजीला उठता येईना. मौन चालू, कुणी धरायला बी जाईना. खुर्चीला धरून धरून तिचं उठायचं चाललं होतं." तिनं टोपी सारखी केली. "ती नीट उभं राहीस्तोवर थांबले. मग वाजवलं."

किशनरावांनी सायकलीचं हँडल तिच्या हातात दिलं आणि स्वतः मागं कॅरिअरवर बसले. बहात्तर वर्षांचा आजा मागं आणि बिगुलवाली नात पुढं, ही वरात बघायला फाटकापाशी बरीच माणसं थांबली होती. स्मारकाजवळ मालनबाईंच्या शेजारी उभी असलेली सरजाबाईही बघत होती.

"बसलात का नीट, आबा?"

किशनरावांनी पाय वर घेतले, हात मागं नेला आणि मडगार्डच्या पत्र्यावर तळहाताच्या दोन खणखणीत थापा मारल्या.