सोडलेला नंबर

ऑफिसात तिला सगळे रांगवाली म्हणत. त्यांची कंपनी बनवायची त्या श्वास देणाऱ्या यंत्रात प्रोसेसर एकच, आणि त्याच्यावर टपून बसलेली कामं ढीगभर. कुठल्या कामाचा नंबर कधी, हे ठरवणारा शेड्युलर तिच्या हातचा होता. नवरा त्याच कंपनीत, दोन टेबलं पलीकडे. यंत्राच्या पडद्यावर आकडे दाखवणारा प्रोग्राम त्याचा. लोक चिडवत, "घरी कोणाचा नंबर आधी हो?"

खटका उडाला तो नवऱ्याच्या प्रोग्राममधल्या एका ओळीवरून. पडद्याला श्वासाचा आकडा हवा असे. श्वास मोजणाऱ्या कामाने नवा आकडा लिहिताना तो कुलूप लावून धरला असेल, तर पडद्याचं काम म्हणे, "मी नंबर सोडतो, दुसऱ्याला जाऊ दे," आणि लगेच परत विचारे, "झालं का?"

"असं करू नकोस," ती म्हणाली. "सरळ झोपव त्याला. कुलूप उघडलं की मी उठवते."

"अगं, त्यात वेळ जातो, पडदा अडखळतो. आणि मी काय अडवून बसलोय? जागा सोडतोयच की!"

"सोडतोस, पण फक्त बरोबरीच्यांसाठी. नियमच तसा आहे. तुझं काम वरच्या पायरीवर, मोजणारं खालच्या. बरोबरीचं कोणी नसलं, की नंबर फिरून तुझ्याकडेच. ते बिचारं कुलूप हातात धरून ताटकळणार."

"मग नियम बदल ना."

तिने बदललाही. नंबर सोडला, की खालच्यालाही वाट मिळू लागली. पण हवा ढकलणारी मोटर चालवणारं कामही सवयीने उठसूट नंबर सोडत असे. ते मागे पडलं, मोटर धक्के खायला लागली. साहेब वैतागले. "होतं तसं ठेवा. इतकी वर्षं काही बिघडलं का?"

तिने खूप डोकं आपटलं. पालथ्या घड्यावर पाणी. तिचा बदल काढून टाकला, आणि नवऱ्याच्या ओळीला कोणी हातच लावला नाही.

मग एका घरात, भर दुपारी, पडदा एका आकड्यावर थिजला. आकडा चांगला होता. अंथरुणावर म्हातारे वडील, उशाशी त्यांची मुलगी. पांघरुणाखाली नळी निसटलेली तिला दिसली नाही. धोक्याची घंटा नव्या आकड्यावर वाजायची, आणि नवा आकडा आलाच नाही. तिने वडिलांचा हात हातात घेतला, तेव्हा तो गार पडला होता.

यंत्र कंपनीत परत आलं. नवरा-बायकोने मिळूनच उघडलं. आतल्या नोंदीत एकच गोष्ट पुन्हा पुन्हा होती: पडद्याने नंबर सोडला, पडद्यालाच मिळाला.

नवरा खुर्चीत बसला तो बसलाच. "मी कोणाला अडवलं नव्हतं गं," तो म्हणाला. तिला 'मी सांगितलं होतं' म्हणायचं नव्हतं. पण दुसरं काही सुचेना, म्हणून ती गप्प राहिली. त्या गप्प राहण्यातून त्याला तेच ऐकू आलं.

साहेब म्हणाले, दोघांचंही काम नियमाला धरूनच होतं.

ती मुलगी एकदा ऑफिसात आली. ओरडली नाही, रडली नाही. पडदा कोणी केला, एवढंच विचारलं. नवरा उठून उभा राहिला.

"आकडा चांगला होता ना?" ती म्हणाली. "मी बघत होते. माझं काही चुकलं का?"

"नाही ताई," तो म्हणाला.

त्यानंतर तो कामावर गेला नाही. ती ओळ बायकोनेच काढली. यंत्रात तशा ओळी आणखी कितीतरी निघाल्या, वेगवेगळ्या हातच्या. त्याही तिने काढल्या. आता पडदा किंचित अडखळतो, आणि त्याबद्दल कोणी तक्रार करत नाही.

"काढल्या रे सगळ्या ओळी," तिने घरी येऊन सांगितलं. तो खिडकीशी बसला होता.

"बरं," तो म्हणाला. ती बराच वेळ दारात उभी राहिली. तो वळला नाही.