गाडी कुणाच्या दारात

आमच्या मंडळाला सरकारी गाडी मिळणार, असं मी शाळेत सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं! मंडळ म्हणजे माझी आई मर्सी, हॉस्पिटलातली नर्स. ऑफिसात क्लार्क असलेले पॅट्रिक अंकल. आणि इंग्रजी पत्रं लिहिणारी मी, इयत्ता दहावी. कतारमधल्या उम्म सलाल मोहम्मद या गावात भाड्याच्या घरात आम्ही जखमी कामगारांना सांभाळतो. त्यातले शहाजीकाका साताऱ्याकडचे सुतार, परांचीवरून पडलेले. गुडघ्याला हॉस्पिटलात रोज व्यायाम दिला नाही, तर तो कायमचा ताठ होणार. हॉस्पिटल दोह्यात, आणि रोजची टॅक्सी कुणाला परवडते?

यंदा, चौऱ्याऐंशी सालात, सरकार समाजसेवी संस्थांना गाड्या देणार होतं. तपासणीला साहेब येणार म्हटल्यावर आपली माणसं करतात तेच आम्ही केलं. फरशी फिनाईलने पुसली, नव्या चादरी घातल्या, केक केला आणि पेशंट गच्चीवर पाठवले. पाहुण्यांना पसारा कसा दाखवायचा?

साहेबांनी केक खाल्ला. "माशाल्ला, किती नीटनेटकं! तुम्हाला तर काहीच कमी नाही."

"पेशंट वर आहेत, सर!" मी ओरडलेच.

काका कण्हत जिना उतरले, मागून बाकीचे.

साहेब दचकले. "एवढी गर्दी? हे तुम्हाला झेपायचं नाही."

"मग झेपतं कुणाला?"

"बाय, गप!" पॅट्रिक अंकल कुजबुजले.

झेपलं गोऱ्या बायकांच्या क्लबला; गाडी त्यांना मिळाली. त्या फुलांची प्रदर्शनं भरवतात. मी जाऊन पाहिलं, तर खोलीभर कुंड्या आणि खोकी, पाय ठेवायला जागा नाही. साहेबांच्या मते तो कामाचा व्याप होता.

मी थेट अध्यक्षीणबाईंनाच गाठलं. बाई मनाने चांगल्या निघाल्या. "बिच्चारा! मंगळवारी गाडीत एक जागा असते."

गुडघ्याला व्यायाम रोजचा, गाडी मंगळवारची. काका गाडीत झेंडूच्या कुंड्यांमध्ये कसाबसा गुडघा मुडपून अवघडून बसले. "पोरी, मला काय हारात ववायचं हाय व्हय?"

तेवढ्यात बाईंनी काकांच्या शेजारी बसून फोटो काढून घेतला. तो पेपरात छापून आला.

काही महिन्यांनी आम्ही पुन्हा अर्ज केला. साहेबांनी तोच पेपर पुढे सरकवला. "तुमचं काम त्या करतायत की! मग दुसरी गाडी कशाला? खलास."

त्याच आठवड्यात डॉक्टरांनी काकांचा गुडघा दाबून पाहिला. आता वाकणार नाही, म्हणाले. आई रडायला लागली.

काकांनी पेपर उलगडून डॉक्टरांसमोर धरला. "असं कसं, सायेब? फोटूत तर झ्याक वाकलाय!"