ओळखीचा दात

आमचे हे दात बनवतात. डॉक्टर नव्हेत. डॉक्टर खुर्चीत बसवून "आ करा" म्हणतात, ते वेगळे. हे आमच्या घराच्या मागच्या खोलीत बसून कवळ्या आणि कॅपा घडवतात. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा साचा घेतो, डबीत घालून आमच्याकडे पाठवतो. डबीवर नाव नसतं, नुसता नंबर. हे साच्यात प्लास्टर ओततात, त्यावर दात घडवतात, रंग लावतात, भट्टीत भाजतात, की डबी परत रवाना. ज्याच्या तोंडात तो दात जायचा तो माणूस यांना आयुष्यात कधी दिसत नाही. वर्षानुवर्षं असंच चाललं होतं आणि यांना त्याचं काही वाटायचंही नाही. वाटायचं ते मलाच.

कारण मी पडले बोलकी. मी एका इस्पितळात चौकशीच्या खिडकीत बसते, आणि ही नोकरी मला कशी लागली माहितीये? दातदुखीच्या रांगेत शेजारी बसलेल्या बाईशी गप्पा मारून! त्याआधीची लागली ती मैत्रिणीच्या नणंदेच्या शब्दावर. लोक लगेच नाक मुरडतात, वशिला म्हणतात. वशिला नव्हे हो, ओळख! आपण काम करतो हे चार लोकांना माहीत नको? मागच्या खोलीत दार लावून बसलं तर काय कपाळ माहीत होणार? हे मी यांना लग्न झाल्यापासून सांगत आले. हे मान डोलवायचे आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावायचे.

मग मशीनं आली. साचा नको, प्लास्टर नको; तोंडात कॅमेरा फिरवला की मशीन पांढऱ्या ठोकळ्यातून दात कापून हातात देतं. आमच्याकडे येणाऱ्या डब्या एकेक करून आटल्या. मोठं टेबल भरून असायच्या त्या एका ताटात मावायला लागल्या. लेकीचं कॉलेज चालू, यांनी पन्नाशी ओलांडलेली, आणि दुसरं काही येत नाही. मला झोप लागेना. हे मात्र शांत. "आहे ते नीट करू," म्हणायचे. अशा वेळी यांना गदागदा हलवावंसं वाटायचं मला.

तेवढ्यात दातांचं सामान विकणाऱ्या काकांकडून बातमी लागली. दात बनवणाऱ्या शहरातल्या सगळ्यांत मोठ्या लॅबला एक अनुभवी माणूस हवा होता. मशीन दात कापतं, पण पुढच्या दातांवर शेवटचा हात माणसालाच फिरवावा लागतो, आणि तो हात हल्ली कुणाकडे राहिलेला नाही. त्या विभागाचा प्रमुख नेमायचा होता. पगारी नोकरी, महिन्याच्या महिन्याला! लॅबची मालकीण, जिला सगळे मॅडमच म्हणतात, दंतवैद्यांच्या वार्षिक संमेलनाला येणार होती. रात्रीचं जेवण, उभ्याने गप्पा, लॅबवाल्यांनाही आमंत्रण. आमंत्रण आम्हाला दरवर्षी यायचं. हे दरवर्षी त्यावर प्लास्टर कालवायचे.

"यंदा जायचं," मी म्हटलं.

"मी काय बोलणार गं तिथे?"

"ते मी शिकवते."

आणि शिकवलं की! रोज संध्याकाळी स्वयंपाकघरात तालीम. मी व्हायचे मॅडम, लेक व्हायची डॉक्टर, आणि हे हातात रिकामी बशी धरून उभे. पहिली अडचण अशी की, हे माणसाच्या डोळ्यांकडे बघतच नाहीत, तोंडाकडे बघतात. "बाबा, वर! डोळे वर असतात!" लेक ओरडायची. मग हे दचकून वर बघायचे आणि बोलायचं ते विसरायचे. आम्ही दोघी हसून लोटपोट.

"हे बघा," मी म्हटलं, "नुसतं नमस्कार-चमत्कार करून उपयोग नाही. समोरच्याशी आपलं काहीतरी जुळतंय का ते शोधायचं. शाळा निघते, गल्ली निघते, एखादा सामायिक मित्र निघतो. ओळख निघाली ना, की माणूस मोकळा होतो. मग पुढचं सोपं."

"आणि नाहीच निघाली तर?"

"निघते हो! बघावं लागतं नीट."

हे त्यांनी मनावर घेतलं. मनावर घेतलं म्हणजे काय, दाताच्या रंगाची शेड जुळवताना जसं घेतात तसंच घेतलं.

संमेलनाच्या हॉलमध्ये उंच टेबलं होती आणि खुर्ची नावाला नव्हती. हे एका भल्यामोठ्या प्लास्टरच्या जबड्याशेजारी जाऊन उभे राहिले, तो त्यांना त्यातल्या त्यात ओळखीचा वाटला असावा. मी त्यांना तिथून उपटून आणलं. मॅडम मधोमध उभ्या होत्या. उंच, केस पांढरे होऊ दिलेले, आणि हसणं असं दिलखुलास की आजूबाजूचेही हसायला लागावेत. भोवती चार-पाच डॉक्टर, त्यांतले एक आमचे जुने, आम्हाला वर्षानुवर्षं काम देणारे, आणि एक मशीनच्या कंपनीचा माणूस, जो मॅडमच्या लॅबचे गोडवे गात होता. "यांच्याकडे होत नाही असा दात नाही," वगैरे.

मी घुसले. नाव-गाव, काम, किती वर्षं, सगळं धडाधड सांगून टाकलं आणि यांना पुढे केलं. आणि काय सांगू, जमलं हो! यांनी डोळे वर ठेवले. मॅडमनी विचारलं, पुढच्या दातांचा रंग कसा चढवता, तर हे नीट, न अडखळता बोलले. मॅडम कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "तुमचं काम बघायला आवडेल मला. पुढच्या आठवड्यात नमुने घेऊन या ना ऑफिसात." माझा जीव भांड्यात पडला. आता "येतो" म्हणून निघायचं, एवढंच राहिलं होतं.

तेवढ्यात कुणीतरी काहीतरी बोललं आणि मॅडम खळखळून हसल्या. यांची नजर खाली घसरली. मी बघितलं, चेहरा कसा उजळला यांचा. असा चेहरा मी लेक झाली तेव्हा बघितला होता.

"मॅडम," हे म्हणाले, "तुमचा हा वरचा, समोरचा, डावीकडचा. तो माझा."

"काय तुमचा?"

"दात! कडेला पुसट पांढरा ठिपका आहे बघा. शेजारच्या खऱ्या दाताला आहे, तसाच. तो जमेना म्हणून मी पुन्हा पुन्हा भाजला होता. साच्यासोबत फोटो आला होता, नुसत्या ओठांचा. तेव्हाच मी हिला म्हटलं होतं, कुणीतरी छान हसणाऱ्या बाई आहेत." आणि माझ्याकडे वळून, "निघाली बघ ओळख!"

मग तो मशीनवाला, मेला, हसत म्हणाला, "म्हणजे मॅडम, तुम्ही स्वतःचा दात बाहेरून करून घेतलात?" डॉक्टर मंडळी हसली. काहींनी हसू बशीत लपवलं. आमचे जुने डॉक्टर मात्र हसले नाहीत, ते पांढरेफटक पडले होते. मॅडमनी ओठ मिटले. मिटल्या ओठांनीच हसल्या, "हो का? वा," म्हणाल्या आणि दुसऱ्या कुणाकडे तरी वळल्या. यांना वाटलं, झालं बोलणं. यांनी नमस्कार केला आणि माझ्या मागे मागे आले.

परत येताना बसमध्ये हे गप्प बसायला तयार नाहीत. हे! ज्यांच्या तोंडून दिवसात चार वाक्यं निघायची मारामार! "तुझं खरं आहे गं," म्हणाले. "उगाच घाबरत होतो मी इतकी वर्षं. माणसं चांगली असतात. आणि काय बसलाय तो दात! आपण केलेला दात हसताना मी पहिल्यांदा बघितला." मी खिडकीतून बाहेर बघत होते. सांगावं, असं जिभेवर आलं होतं. पण इतके खूश होते हो. मी म्हटलं, उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात मला त्या जुन्या डॉक्टरांचा फोन. "वहिनी, डबीवर नाव का नसतं, हे त्यांना कळत नाही? मॅडम माझ्याकडे विश्वासाने आल्या होत्या. पेशंटची गोष्ट अशी चारचौघांत बोलतात का?" मी माफी मागितली. पुन्हा पुन्हा मागितली. त्या दिवसापासून त्यांच्या डब्याही बंद झाल्या. यांना वाटलं, त्यांनी पण मशीन घेतलं असेल. मी तसंच वाटू दिलं.

आणि हे इकडे नमुने करायला बसले. जुन्या भट्टीत, जीव ओतून, पुढचे सहा दात, एकेक वेगळ्या वयाच्या माणसाचा. लेकीला तो दाताचा किस्सा रोज सांगायचे. मी आज नको, उद्या नको, करत राहिले. "त्या फोन करतील," म्हणायचे. शेवटी एक दिवस हे इस्त्रीचा शर्ट घालून उभे. "तूच म्हणतेस ना, नुसतं भेटून भागत नाही, मागे लागावं लागतं." माझेच शब्द! गेलो.

मॅडम वाईट बाई नव्हती, हे मला सांगायलाच हवं. वाईट असती तर शिव्या घालून मोकळी झाले असते. काचेच्या ऑफिसात तिने आम्हाला बसवलं, पाणी दिलं, नमुन्यांची पेटी उजेडाकडे नेली आणि भिंग लावून कितीतरी वेळ बघत राहिली. "फार सुंदर हात आहे तुमचा," म्हणाली, आणि ते खरंच म्हणाली. मग पेटी हलकेच पुढे सरकवली. "पण ती जागा भरली हो." आणि शिष्टाचार म्हणून हसली.

मला त्या हसण्यात काही वेगळं दिसलं नाही. मला दिसले ते हे. पेटीचं झाकण लावता लावता यांचा हात थांबला. मग झाकण लावलं, उठले, "येतो मॅडम," म्हणाले. दारापर्यंत गेले आणि मागे वळले.

"काढताना त्रास झाला असेल," म्हणाले.

मॅडमचा हात ओठांकडे गेला. "थोडा," ती म्हणाली, आणि खाली बघायला लागली.

बाहेर फाटकाजवळच्या कट्ट्यावर हे बसले. पेटी मांडीवर. "मशीनचा आहे आताचा," म्हणाले. "सपाट. ठिपका नाही, काही नाही. अगं, पक्की बसवलेली कॅप अशी ओढून निघत नाही. चकती लावून कापावी लागते. तुकडे करून काढतात." मग पेटीवर हात ठेवून, "चांगला बसला होता गं तो. आयुष्यभर गेला असता. तिला आवडला नव्हता का?"

"आवडला होता हो."

"मग?"

मग मला सगळं सांगावं लागलं. त्या हॉलमध्ये काय झालं ते, लोक का हसले ते, डॉक्टरांचा फोन, बंद झालेल्या डब्या. भर दुपारी, रस्त्यात, आमच्या शेजारून माणसं डबे घेऊन जेवायला चाललेली. हे ऐकत होते. मला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही भांडले असते, तुम्हाला साधं कळत नाही का, म्हणून झाडलं असतं, आणि घरी जाऊन दोघं जेवलो असतो.

"बसमध्ये का नाही सांगितलंस?" एवढंच विचारलं.

"तुम्ही खूश होतात."

यांनी मान डोलावली. घरी येईपर्यंत पेटी मांडीवरून हलवली नाही.

मागची खोली आता लेकीची आहे. यांना नोकरी लागली, चष्म्याच्या दुकानात. माझ्याच ओळखीने; दुकानदाराची आई आमच्या इस्पितळात होती, तेव्हा मी शब्द टाकला. पगार वेळेवर होतो, लेकीचं कॉलेज सुटलं नाही. म्हणजे मी म्हणत होते ते खोटं नव्हतंच. चष्म्याच्या दांड्या वाकवून कानामागे बसवायचं काम यांच्याइतकं नाजूक कुणाला जमत नाही, असं दुकानदार सांगतो. पण दिवसभर माणसांच्या चेहऱ्यासमोर उभं राहून हे कुणाच्या तोंडाकडे बघत नाहीत. घरीसुद्धा नाही. मी हसले तर नजर जमिनीकडे वळते यांची. मला फार लागतं ते.

परवा दुकानदार रस्त्यात भेटला. "काम एक नंबर आहे साहेबांचं," म्हणाला, "पण गिऱ्हाइकाशी चार शब्द बोलायला सांगा ना त्यांना, ताई. तुमचं ऐकतील."

मी हो म्हटलं. घरी आले, यांना ताट वाढलं, समोर बसले. आणि काहीच सांगितलं नाही.