भस्माचे तीन पट्टे

मी एक जुनी भट्टी आहे. तिरुच्चीच्या एका विद्यापीठात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, खिडकीजवळच्या ओट्यावर माझा मुक्काम असतो. तापणं हा माझा धंदाच आहे, पण मित्रांनो, आज मी रागाने तापले आहे आणि तो राग मी मुळीच लपवणार नाही.

कोइमतूरच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. बाहेर लोखंडी पत्रा, आत विटा, त्यांत वेटोळे घातलेली तार आणि मधून आरपार जाणारी क्वार्ट्झची नळी, काचेसारखी स्वच्छ. मुलं या नळीत आपले पदार्थ ठेवतात आणि मी सावकाश तापून, सावकाश निवून त्यांचे स्फटिक वाढवून देते. माझ्यात एक खोट आहे. माझं मीटर खऱ्यापेक्षा वीस अंश जास्त दाखवतं.

मला इथे आणणाऱ्या कोदैनायकी मॅडमनी ती खोट मुद्दाम तशीच ठेवली. नवं पोर आलं की त्या म्हणायच्या, "ही बया खोटं बोलते. किती, ते तूच शोधून काढ." मग त्या पोराने घरून जुन्या पैंजणाची एक शुद्ध चांदीची घुंगरी आणायची, माझ्या पोटात ठेवायची आणि ती वितळेपर्यंत जागचं हलायचं नाही. चांदी किती अंशांना वितळते हे पुस्तकात असतं, मीटर काय म्हणतं ते समोर दिसतं. कुणी उतावीळपणे नळी तडकवली तरी मॅडम आवाज चढवत नसत. "फुटली? बरं झालं. आता का फुटली ते सांग." उत्तर सापडेपर्यंत त्या स्वतः स्टूल ओढून शेजारी बसत. माझ्याजवळ बसून घामाघूम झालेली ती पोरं जाताना माझ्या पत्र्यावर थाप मारून जायची. मला ते फार आवडायचं.

मॅडम निवृत्त झाल्या आणि तंगपेरुमाळ सर आले. माणूस हुशार, बोलणं चटपटीत, पण कुणी प्रश्न विचारला की त्यांच्या कपाळावर आठ्या पडत. "घुंगऱ्या वितळवायला ही सोनाराची पेढी आहे का? मी सांगतो तो आकडा लावा," असं म्हणून त्यांनी तो रिवाज बंद केला.

कयल ही मॅडमची शेवटची विद्यार्थिनी, ती आता सरांकडे आली होती. कितीतरी महिने खपून तिने एका पदार्थाचे बारीक स्फटिक मिळवले होते. तेच पुन्हा माझ्यात घालून मोठे करायचे होते. तिचा सगळा प्रबंध त्या चिमूटभर स्फटिकांवर अडला होता.

अशात आयुधपूजा आली. तुमच्या खंडेनवमीसारखीच. त्या दिवशी यंत्रं बंद, सगळ्यांना हार, चंदन, कुंकू, दारात कोहळा फोडायचा आणि चुरमुरे वाटायचे. मॅडम पूजेआधी नळी काढून फडक्यात गुंडाळून ठेवायच्या आणि भस्म माझ्या पत्र्याला लावायच्या. सरांना मात्र फोटोत नळी हवी होती. त्यांनी बोटं भस्मात बुडवली आणि नळीवरच तीन पट्टे ओढले.

"सर, नळीला नको," कयल म्हणाली. "राखेतला क्षार तापला की नळीला खातो."

"तू मला शिकवणार?"

दुसऱ्या दिवशी विजयादशमी. सरांना मुहूर्तावर भट्टी सुरू करायची होती. कयलने ओला बोळा उचलला तर सर गरजले, "पूजेचं भस्म पुसतेस? अपशकुन करतेस? भर तुझे स्फटिक, वेळ टळतेय." तिने माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलणार, मला तोंड कुठे आहे? तिने स्फटिक भरले, नळीतली हवा काढली आणि तोंडं बंद केली.

व्हायचं तेच झालं. निवताना नळी तडकली, हवा आत शिरली आणि कयलचे स्फटिक जळून काळे पडले.

सोमवारच्या बैठकीत सगळ्यांसमोर सर म्हणाले, "घाईने पंखा लावून गार केली असशील. निष्काळजी पोरगी!" कयलने नळीचे तुकडे टेबलावर जुळवून ठेवले. जिथे पट्टे होते तिथेच तीन पांढरी कडी उमटली होती, अगदी बोटांच्या रुंदीची.

"इनियन," सरांनी तिच्याच वर्गातल्या मुलाला विचारलं, "तू होतास ना पूजेला? नळीला भस्म होतं?"

इनियननेच तर पूजेचा तो फोटो काढला होता, आणि तो त्याच्याच फोनमध्ये होता. तो खाली बघत म्हणाला, "आठवत नाही, सर."

मी वीस अंशांनी खोटं बोलते, पण रोज तेवढंच बोलते. पोरं वीस वजा करतात आणि खऱ्यापर्यंत पोचतात. इनियनच्या त्या तीन शब्दांतून काय वजा करायचं, सांगा मला!

कयल गेली. दुसऱ्या गावी, दुसऱ्या विद्यापीठात, अगदी पहिल्यापासून सुरुवात करायला. जाताना तिने माझ्या पत्र्यावर थाप मारली नाही. मी तिला दोष देत नाही.

यंदाची आयुधपूजा कालच झाली. इनियन आता सगळ्यांत मोठा. नव्याने आलेल्या मुलीने भस्माची वाटी हातात घेऊन त्याला विचारलं, "अण्णा, नळीलाही लावायचं का?"

त्याने माझ्या नव्या, स्वच्छ नळीकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं.

"सर लावतात," तो म्हणाला. "लाव."

मित्रांनो, माझा पत्रा गंजला तर गंजू द्या, मला हार नकोत. पण तुमच्यासमोर कुणी "नको" म्हणालं आणि ते खरं असलं, तर तिला एकटं उभं ठेवू नका. आज मला पुन्हा पेटवलंय. ती नवी मुलगी समोर बसून नळीकडे बघते आहे. नळी पांढरी पडू लागली आहे आणि ती विचारते आहे, "अण्णा, हे असंच होतं का?"

कुणीतरी तिला उत्तर द्या रे!